भरतीच्या पाण्यापर्यंत आलेला धर्मकलह

शहापूरहून मुरबाडकडे जाणारी वाट सापगावापाशी भातसा नदी ओलांडते. ही भातसा खाली काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते, आणि कल्याण सोडल्यावर खाडीचे रूप घेतलेली उल्हास एका फाट्याने ठाण्याकडे व दुसऱ्या, मोठ्या फाट्याने वसईकडे जाऊन समुद्रात शिरते; म्हणून धरणे आणि बंधारे झाले नव्हते त्या काळी सापगावच्या डोहात पडलेली सागाची फांदी, वाटेत कोठे अडली नसती तर, वसईच्या कोटाखालूनच वाहत गेली असती. त्या कोटावर पोर्तुगालच्या राजाचे निशाण २०० वर्षांहून अधिक काळ फडकत होते. नदीच्या खालच्या टोकाला इतका दीर्घ काळ नांदलेला हा अंमल वरच्या टोकाला मात्र कधीच पोचला नाही. पोर्तुगिजांनी १५३६ साली कल्याण घेतले, पण राखले नाही; १५७० साली ते पुन्हा आले, बाहेरची वस्ती जाळली आणि लूट घेऊन परतले. माहुलीच्या सुळक्यांखालचा शहापूरचा मुलूख आणि मुरबाडची खोरी निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे यांच्या हातांतून फिरत राहिली. भरतीचे पाणी जेथवर चढते आणि तोफा लादलेले गलबत जेथवर जाऊ शकते, तेथवर येऊन युरोपातील एक मोठा धर्मकलह थबकला. त्या कलहातील सिद्धान्त आपल्याकडे फारसे आलेच नाहीत. आली ती त्या कलहात दोन्ही पक्षांनी घडविलेली साधने, म्हणजे शिस्तबद्ध धर्मसंघ, पाठशाळा, प्रश्नोत्तरी, चौकशीची कचेरी आणि छापखाना. यांपैकी ज्यांच्या पाठीशी सरकारचा हात होता ती खाडीकाठीच राहिली, आणि ज्यांचा सरकारशी संबंध सुटला ती घाटापर्यंत गेली, असे मला दिसते.

हा कलह का पेटला याचे उत्तर शालेय पुस्तकांत एका ओळीत मिळते: पापमोचनाची पत्रे विकली जाऊ लागली, मार्टिन ल्यूथर नावाचा एक संन्यासी अध्यापक संतापला, आणि ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने विटेनबर्ग येथे आपली ९५ विधाने प्रसिद्ध केली. हे खोटे नाही. परंतु ही पत्रे ज्या व्यवहारातून निघाली तो व्यवहार पाहिल्यावाचून त्या संतापाचा अर्थ नीट लागत नाही. ब्रान्डेनबुर्गच्या राजघराण्यातील आल्ब्रेख्त हा तरुण आधीच एका मोठ्या धर्मप्रांताचा अधिपती होता. त्याला माइन्झचे आर्चबिशपपदही हवे होते, आणि कायद्याने वर्ज्य असलेली ही दुहेरी पदे धारण करण्यासाठी पोपच्या दरबारी भरावयाची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ काढली होती. ते कर्ज फेडता यावे म्हणून त्याला पापमोचनपत्रांच्या विक्रीची सनद मिळाली, आणि वसुलाचा निम्मा भाग पेढीकडे व निम्मा रोममधील संत पीटरच्या नव्या मंदिराच्या बांधकामाकडे जावयाचा असे ठरले. एखाद्या परगण्याचा इजारा सावकाराच्या पैशावर घ्यावा आणि तो पैसा कुळांकडून उगवावा, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच की येथे कुळांकडून घ्यावयाचा सारा शेताच्या पिकावर नसून परलोकाच्या भयावर बसविलेला होता.

अशा व्यवहारांविषयीची चीड ल्यूथरच्याही आधीची. १३७८ पासून सुमारे ४० वर्षे एकाच वेळी दोन, आणि काही काळ तर तीन पोप एकमेकांना बहिष्कृत करीत होते. बोहेमियाचा यान हुस याने धर्मसत्तेच्या अधिकारावर प्रश्न उपस्थित केले, तेव्हा त्याला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. हुस जळाला आणि ल्यूथर वाचला, याचे कारण दोघांच्या सिद्धान्तांतील अंतरात नाही. मधल्या शतकात माइन्झ येथे गुटेनबर्गचा छापखाना निघाला होता, आणि ल्यूथरची विधाने थोड्याच दिवसांत जर्मनीभर पसरली. शिवाय जर्मनीत प्रबळ अशी मध्यवर्ती सत्ता नसल्यामुळे सॅक्सनीच्या अधिपतीसारखा एक मांडलिक सम्राटाच्या हुकुमाला न जुमानता त्याला वार्टबुर्गच्या गढीत लपवू शकला. तेथे बसून त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले व ते १५२२ साली छापून निघाले. मनुष्याचा उद्धार पुण्यकर्मांच्या संचयाने होत नाही, केवळ श्रद्धेने होतो, आणि त्या श्रद्धेला आधार धर्मग्रंथाचा आहे, धर्मपीठाचा नव्हे, हे त्याचे म्हणणे एकदा मान्य केले की मठ, इनामे, नवस, यात्रा आणि मध्यस्थ पुरोहितवर्ग यांच्या अस्तित्वालाच बाध येतो. राजेरजवाड्यांना त्यातील धर्म किती पटला हे सांगणे कठीण. मठांची इनामे खालसा करता येतात ही गोष्ट मात्र त्यांना तत्काळ पटली. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने ल्यूथरचा सिद्धान्त कधीच स्वीकारला नाही, तरी १५३६ ते १५४० या अवघ्या चार वर्षांत त्याने आपल्या राज्यातील सर्व मठ मोडून त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या. उलट, १५२४ साली जर्मनीतील शेतकरी ख्रिस्ताच्या नावाने वेठबिगार आणि जाचक पट्ट्या माफ करण्याची मागणी करीत उठले, तेव्हा त्यांना निर्दयपणे ठेचून काढा असा सल्ला ल्यूथरने सरदारांना दिला, आणि तो तंतोतंत पाळण्यात आला. या चळवळीला नवयुगाची पहाट म्हणणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये.

रोमच्या पक्षाने उत्तर द्यायला वेळ लावला, पण दिले ते विचारपूर्वक. ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात, मध्ये दीर्घ खंड पडूनही, जी परिषद भरली, तिने सिद्धान्तात तसूभर माघार घेतली नाही, आणि व्यवस्थेत मात्र पुष्कळ दुरुस्ती केली: बिशपने आपल्या प्रांतात राहिलेच पाहिजे, पाद्री होणाऱ्याला विद्यालयात रीतसर शिक्षण मिळाले पाहिजे, पापमोचनाच्या विक्रीचे दलाल बंद झाले पाहिजेत. त्याआधीच इग्नेशियस लोयोलाच्या येशूसंघास १५४० साली मान्यता मिळाली होती, १५४२ साली रोममध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडाच्या चौकशीची, नवी कचेरी उघडली होती, आणि १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली. एकीकडे उत्तम शाळा आणि दुसरीकडे पुस्तकांवर पहारा अशी ही दुहेरी नीती होती. प्रॉटेस्टंट पक्षही याहून फार निराळा वागला असे नाही. धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात १५५३ साली मायकेल सर्व्हिटस याला पाखंडाबद्दल जाळलेच. आपण ज्यांना दोन विरुद्ध चळवळी म्हणतो त्या पुष्कळ अंशी सख्ख्या भावंडांसारख्याच होत्या. सामान्य रयतेला धर्म कळत नाही, तो तिला शिकवून, पाठ करवून, तपासून पक्का केला पाहिजे, याविषयी दोघींचे एकमत होते.

आता एक साल पाहावे. १५३४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर आणि त्यांचे मोजके सोबती यांनी व्रतदीक्षा घेतली; त्याच साली ल्यूथरचे संपूर्ण जर्मन बायबल छापून बाहेर पडले; नोव्हेंबरात इंग्लंडच्या पार्लमेंटाने आपल्या राजाला धर्माचा प्रमुख ठरविले; आणि २३ डिसेंबर रोजी हुमायूनच्या भीतीने गांगरलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या हवाली केला. या चार घटनांतील पहिल्या तिन्हींची चौथीला गंधवार्ताही नव्हती. तथापि पुढल्या दोन शतकांत साष्टी, वसई आणि ठाण्याच्या रयतेच्या नशिबी जे आले त्याचे धागे या चारही ठिकाणांहून निघालेले आहेत.

ठाण्याला ख्रिस्ती धर्माची ओळख तेव्हा नवी नव्हती. चार फ्रान्सिस्कन साधू १३२१ साली ठाण्यात मारले गेले होते, आणि ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या होत्या. परंतु ते साधू परक्या राज्यात झोळी घेऊन आलेले होते. १५३४ नंतर आलेले संन्यासी पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या अधिकारपत्राखाली आले. बिशप नेमणे, चर्चे बांधणे, पाद्र्यांचे वेतन देणे हे सारे राजाकडे, आणि त्याच्या बदल्यात धर्मप्रसाराची जबाबदारीही राजाकडेच. आंतोनियो द पोर्तु या फ्रान्सिस्कनाने बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या शैव लेण्यात चर्च थाटले आणि त्यावर पाठशाळा उभी केली. पुढे येशूसंघीय आले, त्यांनी वसई, ठाणे आणि वांद्रे येथे आपली ठाणी केली. या शाळांतून काय प्रतीची माणसे निघत हे पाहावयाचे असेल तर गोन्सालो गार्सिया या वसईकराचे चरित्र पाहावे. पोर्तुगीज बाप आणि येथलीच आई, शिक्षण वसईच्या येशूसंघीयांकडे; तरुणपणी जपानला गेला, तेथे व्यापारात पैसा मिळविला, येशूसंघाने आपल्यात घेतले नाही म्हणून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

झेवियर गोव्यास ६ मे १५४२ रोजी उतरला, तेव्हा ट्रेंटची परिषद अद्याप भरावयाची होती. तोवरच्या धर्मांतरांत घाई पुष्कळ आणि व्यवस्था थोडी. परिषदेचे ठराव गोव्यात पोचल्यावर, १५६७ सालच्या प्रांतिक धर्मसभेनंतर, हा कारभार दप्तरी शिस्तीचा झाला: देवळे, मूर्ती, पोथ्या आणि लग्नमुंजीचे सार्वजनिक विधी यांवर बंदी, हिंदूंनी प्रवचनास सक्तीने हजर राहावे असा नियम, आणि बाटलेल्या माणसाने जुन्या चालीरीती टाकल्या की नाही याची तपासणी. इन्क्विझिशन १५६० साली गोव्यात आले आणि मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तो गार्सिया द ओर्ता, वनस्पतींवरच्या विख्यात ग्रंथाचा कर्ता, मृत्यूनंतर गुप्त यहुदी ठरला आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. पुढे शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य दमण येथे पकडला जाऊन गोव्याच्या कोठडीत पडला. सुटल्यावर त्याने लिहिलेली हकीकत १६८७ साली प्रॉटेस्टंटांच्या हॉलंडमध्ये छापली गेली आणि युरोपभर वाचली गेली. गोव्याच्या या कचेरीची दुष्कीर्ती जगभर झाली, तिला कारण तिचे क्रौर्य हे तर खरेच, पण प्रतिपक्षाच्या हाती छापखाने होते हेही आहे. ज्या कचेऱ्यांचे कैदी लेखक नव्हते त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

या सगळ्यात एका माणसाजवळ मात्र थांबलेच पाहिजे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक राहणे धोक्याचे झाले म्हणून तो रोमला गेला, येशूसंघात शिरला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोचला. गोव्याकडच्या साष्टीत त्याने उरलेले आयुष्य काढले, येथील भाषा आत्मसात केली, आणि पुराणाच्या धाटणीवर मराठीत जवळजवळ ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे, देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे रोमन लिपीत, छापले गेले. देशभाषेतील धर्मग्रंथांकडे साशंकतेने पाहणाऱ्या रोमच्या या सेवकाला मराठीत पुराण लिहावे लागले, याचे कारण उघड आहे: ज्यांच्या पोथ्या काढून घेतल्या त्यांना ऐकायला काहीतरी द्यावयास हवे होते, आणि जे द्यावयाचे ते त्यांच्या कानाला रुचावयास हवे होते. स्टीफन्सची मराठी मात्र निव्वळ हिशेबाने लिहिलेली नाही. या भाषेवर त्याचा जीव जडला होता हे त्याच्या ग्रंथाचे पान उघडताच कळते, आणि अशा प्रेमाचा उलगडा कोणत्याही धर्मपरिषदेच्या ठरावांतून होत नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले, तेव्हा स्टीफन्सला मरून ६५ वर्षे झाली होती.

त्याची दुसरी एक कामगिरी इतिहासात फारशी सांगितली जात नाही. १५८३ साली राल्फ फिच आणि त्याचे सोबती, प्रॉटेस्टंट राणीची पत्रे घेऊन आलेले इंग्रज व्यापारी, गोव्यात तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्यात या निर्वासित कॅथलिकाने खटपट केली. त्याच कामी गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्सखोतेन नावाच्या डच तरुणाचीही मदत झाली. फिच निसटून इंग्लंडला परतला आणि त्याची माहिती पुढे ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांच्या कामी आली. लिन्सखोतेनने १५९६ साली पूर्वेकडच्या जलमार्गांचे सविस्तर वर्णन छापले आणि ते हाती धरून डच तारवे हिंदी महासागरात शिरली. कॅल्विनपंथी डचांनी कॅथलिक स्पेनविरुद्ध जे बंड मांडले होते ते तेव्हा ऐन भरात होते, आणि १५८० पासून पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या मस्तकी असल्यामुळे पोर्तुगिजांची पूर्वेकडील ठाणी डचांना हक्काची शिकार वाटू लागली. १६२६ साली डच आणि इंग्रज यांनी मिळून मुंबईवर छापा घालून तेथला वाडा जाळला. १६४१ साली मलाक्का गेले, आणि पुढे १६६३ साली कोचीनही जाणार होते. डचांच्या या माऱ्याने हैराण झालेल्या पोर्तुगालने इंग्लंडशी सोयरीक केली आणि १६६१ च्या तहात मुंबई आंदण दिली. मुंबईच्या जन्मपत्रिकेत ल्यूथर आणि कॅल्विन असे बसलेले आहेत. त्या तहात मुंबईच्या कॅथलिकांना धर्माचरणाची मोकळीक राखून ठेवण्यात आली होती, आणि ती पुढे पाळलीही गेली. कंपनीला वेदीपेक्षा वखारीची काळजी अधिक. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्री मुंबईतून घालविले, पण त्यांच्या जागी कॅथलिकच, मात्र थेट रोमच्या हुकमतीखालचे कार्मेलाइट, आणून बसविले.

खाडीच्या वरच्या अंगाला या घडामोडींचे पडसाद निराळ्याच प्रकारे उमटत होते. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी पाठलाग केला तेव्हा शहाजीराजांनी पोर्तुगिजांकडे आश्रय मागितला. मोगलांशी वैर नको म्हणून त्यांनी तो नाकारला, आणि शहाजीराजांना माहुलीवर कोंडून घेऊन अखेर किल्ला व निजामशाहीचा बालवारस दोन्ही स्वाधीन करावे लागले. शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडीस आरमार बांधावयास घेतले तेव्हा रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालची माणसे त्या कामावर होती. वसईच्या अंमलदारांनी बोलावणे पाठवून त्यांना फोडून नेले. सीमा ही अशी होती. धर्माच्या नावाने आखलेली, पण सुतारांना आणि दर्यावर्दींना ओलांडता येणारी. तिच्या अल्याड राहणाऱ्यांना पल्याडची हकीकत रोजची होती. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांच्या दरबारी साष्टीच्या मोहिमेसाठी वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले ते त्या हकीकतीमुळेच.

१७३७ साली ठाणे पडले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या वेढ्याच्या अखेरच्या दिवसांतली एक बाब मला फार बोलकी वाटते. वसईच्या किल्लेदाराने मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी फौज दिली नाही, १५,००० रुपये कर्ज दिले, आणि तारण म्हणून चर्चमधील चांदीची उपकरणी व काही पितळी तोफा ठेवून घेतल्या. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फुगरच्या पेढीवरून सुरू झालेली कथा येथे चर्चच्या चांदीवर पैसे देणाऱ्या प्रॉटेस्टंट सावकारापर्यंत आली. तहात मराठ्यांनी राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला तिच्या धर्माची मुभा दिली, आणि चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशभर वाटल्या गेल्या; सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकराला आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. पोर्तुगिजांच्या धर्मसंस्थेतील सह्याद्रीपर्यंत पोचलेली वस्तू म्हणावी तर ही.

प्रॉटेस्टंट पंथाचा दुसरा प्रवेश याहून अगदी वेगळा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा कंपनीने त्यांना परत जाण्याचा हुकूम बजावला. ते कोचीनकडे निसटले, धरून आणले गेले, आणि मोठ्या मिनतवारीने त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. कंपनी सरकार प्रॉटेस्टंटच होते. परंतु युरोपात १६१८ पासून ३० वर्षे चाललेल्या युद्धाने मध्य युरोप बेचिराख केल्यानंतर तिकडच्या मुत्सद्द्यांनी जो धडा घेतला होता, की धर्माचा आग्रह राज्याला महाग पडतो, तो कंपनीच्या अंगी पुरता भिनलेला होता. त्यामुळे या मिशनऱ्यांजवळ ना फौज होती, ना जमिनी, ना हजेरीची सक्ती. त्यांच्याजवळ होते पाय आणि छापखाना. हॉल गावोगाव हिंडत असे. नाशिकला पटकीची साथ पाहून परत मुंबईकडे निघाला असता वाटेत त्यालाच ती लागली आणि २० मार्च १८२६ रोजी तो वारला. त्याच साली मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली, १८४२ पासून अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आले.

धर्मांतराच्या दृष्टीने पाहिले तर या साऱ्या खटाटोपाचे फळ अल्प. चौपाटीवर १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालीत आणि ऐकायला झुंबड उडे, हीच त्या काळच्या प्रसाराची खरी परिणती; लोक बाटले थोडे, वादाला मात्र सरावले. पण अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून जी माणसे शिकून बाहेर पडली त्यांनी जे केले ते कोणा मिशनरीच्या स्वप्नातही नसेल. गणपत कृष्णाजी तेथे कसब शिकले आणि त्यांनी स्वतःचा छापखाना काढून पंचांग छापले; जावजी दादाजी लहानपणी तेथेच कामाला होते, त्यांनी पुढे १८६९ साली ‘निर्णयसागर’ उभा केला आणि संस्कृत ग्रंथांच्या सुबक आवृत्त्यांनी सारा देश भरून टाकला. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, म्हणजे मुंबईच्या मिशन छापखान्याहून अडीचशे वर्षांहून अधिक आधी. परंतु तो मठाच्या भिंतीआड राहिला, आणि तेथल्या कोणा कारागिराला त्यातून बाहेर पडून स्वतःची पोथी छापण्याची मुभा नव्हती. म्हणून त्या अडीचशे वर्षांत त्याचा शब्द खाडी ओलांडून गेला नाही. मुंबईच्या छापखान्यातील कारागीर बाहेर पडू शकला, आणि लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यापर्यंत गेला तेव्हा आसनगावच्या स्थानकावरून शहापूर-मुरबाडकडे जी छापील पुस्तके चढली त्यांत पंचांगे, हरिपाठ आणि पोथ्या यांचाच भरणा असणार हे सांगायला ज्योतिषी नको. १८६९ साली सरकारी मदतीने तुकोबांची गाथा छापली गेली. तिच्यासाठी लागणारी अक्षरे पाडण्याची विद्या या किनाऱ्यावर रुजविली होती ती प्रॉटेस्टंटांनी.

न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासात महाराष्ट्रातील संतांची तुलना सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारकांशी केली, आणि या भक्तिपर चळवळीनेच राष्ट्रोदयाची भूमी तयार केली असे प्रतिपादन केले. देशभाषेचा पुरस्कार, कर्मकांडावरील टीका, पुरोहिताच्या मध्यस्थीला बगल, इतकी साम्ये त्यांनी अचूक हेरली. इतिहाससंशोधक राजवाडे यांनी उलट संतांवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला. मला दोघांचेही म्हणणे अर्धे वाटते. ल्यूथरसमोर इनामे बाळगणारी, कर बसविणारी, राजांना पदच्युत करू पाहणारी एक प्रचंड संस्था होती, म्हणून तिच्याशी भांडण म्हणजे मालमत्तेचे भांडण झाले आणि त्यात राजे उतरले. नामदेव-तुकारामांसमोर तशी संस्था नव्हती, पुरोहितवर्ग होता पण त्याचा पोप नव्हता, त्यामुळे मालमत्ता खालसा करून गबर होण्याची संधी कोणा राजाला मिळाली नाही, आणि पंथापंथांत तीस वर्षांचे युद्धही झाले नाही. याचीच दुसरी बाजू अशी की जातीच्या बंधनांना या चळवळीने कीर्तनाच्या रिंगणात सैल केले आणि गावच्या पाणवठ्यावर जशीच्या तशी ठेवली. मठांच्या जमिनी वाटल्या गेल्या तसे येथे काहीच वाटले गेले नाही. रानड्यांना या तुलनेचा मोह पडला त्याला त्यांची प्रार्थनासमाजी दृष्टी कारणीभूत होती, आणि ती दृष्टी घडविणाऱ्या शाळाही पुन्हा मुंबईतल्याच.

ख्रिस्ती मराठीचा प्रवाह तेवढ्यावर थांबला नाही. कल्याणला बाळपणीचे शिक्षण झालेले नारायण वामन टिळक १८९५ साली अमेरिकन मिशनमध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी अभंग व ओवी हेच आपले माध्यम राखले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. वसईकडच्या कॅथलिकांच्या उपासनेत मात्र लॅटिनच चालू होती, कारण ट्रेंटने घालून दिलेली ती शिस्त दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० नंतरच्या दशकापर्यंत, ढळली नव्हती. ती ढळल्यावर तेथल्या वेदीवर मराठी आली, आणि वसईचेच कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतले; पण संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले.